नानीच्या वहीतली रेघ

ताई,

माझी नानी, म्हणजे आईची आई, गेल्या जानेवारीत गेली. नव्वद वर्षांची होती. मूळची सिंधमधल्या हैदराबादची. १९४८ च्या जानेवारीत घरच्यांबरोबर कराचीहून बोटीनं मुंबईला आली तेव्हा तेरा वर्षांची होती. मग कल्याण कॅम्प, म्हणजे आजचं उल्हासनगर, बॅरॅकमधली गोणपाटानं विभागलेली अर्धी खोली, आणि १९६६ पासून ठाण्यात कोपरीला. तिची शाळा सहावीत सुटली ती सुटलीच. नानांचा कटपीसचा ठेला आणि नानीचे पापड यांवर घर चाललं, तरी मामा इंजिनिअर झाला आणि आई शिक्षिका. आईनं मराठी माणसाशी लग्न केलं. मी मराठीत वाढले. सिंधी कळते, वाचता येत नाही.

नानी लोकांच्या मुलांची फी भरायची हे आम्हाला अर्धवट माहीत होतं. ती गेल्यावर कपाटात पापडाच्या डब्याखाली एक वही सापडली. सगळी सिंधी लिपीत, बऱ्याच ओळींवर आडव्या रेघा मारलेल्या, मध्ये मध्ये ठिपकेच ठिपके. मामाला वाटतं ही उधारीची वही आहे.

आता वर्सी, म्हणजे वर्षश्राद्ध, जवळ आली आहे. मामा तीन लाख द्यायला तयार आहे, नानीची स्वतःची दोन लाखांची ठेव आहे. मामाला एका शाळेच्या वर्गखोलीवर तिच्या नावाची संगमरवरी पाटी हवी. आई म्हणते, जिनं आयुष्यभर कुणाला कळू दिलं नाही तिचं नाव भिंतीवर कशाला? त्यावर मामा म्हणाला, ‘माझ्या सहलीला पैसे नव्हते, लोकांच्या फीला होते.’ तेव्हापासून दोघं धड बोलत नाहीत.

मला वाटतं, वहीतली माणसं शोधावीत, वर्सीला बोलवावीत, त्यांच्या तोंडून तिच्याबद्दल ऐकावं. बाराव्याला एक पन्नाशीचा माणूस आला होता. दारातच उभा राहिला, ‘आजींनी मला ओळखलं असतं’ एवढंच म्हणाला आणि चहा न घेता गेला. मी नावसुद्धा विचारलं नाही. आणखी एक. मी अर्धीच सिंधी. तिच्याबद्दल चार लोकांत बोलायचा मला हक्क आहे का? वहीच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स सोबत पाठवते.

– एक नात, कोपरी, ठाणे पूर्व

*

प्रिय मुली,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तुझी दोन पानं घेऊन मी उल्हासनगरला गेले होते. तुला न विचारता नेली, त्याबद्दल आधी माफ कर. तुमच्या घराबद्दल तिथं एक अक्षर बोलले नाही. पण ती पानं वाचल्याशिवाय तुला काही सांगणं म्हणजे तुझ्या नानीला बाजूला बसवून तिच्याबद्दल बोलणं झालं असतं.

सिंधी माध्यमात आयुष्यभर शिकवलेल्या एक बाई माझ्या जुन्या ओळखीच्या आहेत. आता ८८ वर्षांच्या. त्यांनी भिंग घेतलं, पान खिडकीकडे धरलं आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचायला लागल्या. तू लिहिलेले ठिपके म्हणजे शून्यं. त्या लिपीत शून्याच्या जागी नुसता ठिपका असतो. अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात, आकडे मात्र आपल्यासारखे डावीकडून उजवीकडे. त्यामुळे नवख्या माणसाला सगळा गोंधळ वाटतो, तसा तुला वाटला.

पहिलं पान १९७२ चं आहे. बाईंनी वाचलं ते मी मराठीत उतरवून घेतलं, जसंच्या तसं देते. ‘इस्त्रीवाल्याची मधली, सातवी, टर्म फी, ८.’ ‘पाण्याच्या नळाजवळची, मुलगा, वह्या, ६.’ ‘पुलाखालच्या नव्या लोकांचा, पाचवी, दप्तर, ५.’ पानभर असंच. नाव एकाचंही नाही. आडनाव नाही, घर नंबर नाही. फक्त तिला ओळखू येईल एवढी खूण.

आणि त्या आडव्या रेघा. मामांना सांग, ती उधारी नव्हे. रेघ मारलेल्या प्रत्येक ओळीच्या टोकाला एकच शब्द आहे, ‘पास’. मूल वरच्या वर्गात गेलं की नानी ओळ खोडत होती. पैसे परत आले की नाही याचा या पानांत कुठं उल्लेखच नाही. बाई पाच-सहा ओळी वाचून थांबल्या आणि मला म्हणाल्या, ‘ही हिशेबाची वही नाही, हे मास्तरांचं कॅटलॉग आहे.’ मी तीस वर्षं शाळेत कॅटलॉग भरलं. बाईंनी न बोललेलं पुढचं वाक्य मला कळलं.

चार ओळींवर रेघ नाही. तिथं ‘पास’च्या जागी ‘वेई’ लिहिलं आहे. वेई म्हणजे गेली. लग्न होऊन गेली, गावी गेली, कामाला लागली, काय ते कळायला मार्ग नाही. चारही मुली आहेत. तेरा वर्षांची असताना जिची स्वतःची शाळा ‘वेई’ झाली, तिनं या चार ओळी पुसल्या नाहीत की खोडल्या नाहीत, तशाच ठेवल्या.

आता तुझ्या प्रश्नांकडे येते. शेवटचा आधी घेते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

हक्क आहे का, असं तू विचारतेस. सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. त्या काळात नारायण जगन्नाथ वैद्य हे आपले गृहस्थ सिंधच्या शिक्षण खात्यात डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणून काम करत होते. मुलांना शिकवायचं तर लिपी कोणती, या प्रश्नात ते शिरले आणि तिकडच्या खुदाबादी लिपीची (ही वहीतल्या लिपीहून वेगळी) घडी बसवण्याचं काम त्यांनी केलं. कराचीतली १८५५ मधली पहिली सरकारी शाळा आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. फाळणी झाली, देश बदलला, पण तिथं एका मराठी माणसाचं नाव शाळेवर राहिलं. सिंधी भाषेसाठी झटणाऱ्या त्या माणसाला कुणी ‘तू आमच्यातला किती’ असं विचारत बसलं नाही. तू तर तिच्या मांडीवर खेळलेली नात आहेस.

मात्र हक्क आहे म्हणून काम संपत नाही. तू नानीच्या वहीतली ती अरबी वळणाची लिपी शीक. ५२ अक्षरं आहेत, १८५३ मध्ये इंग्रजी अमदानीत ती ठरवली गेली. चार आवाज असे आहेत की श्वास आत ओढून काढावे लागतात. आपल्या तोंडाला ते जमायला वेळ लागतो, पण तू लहानपणापासून ते ऐकत आली आहेस, तुला लवकर जमतील. आधी नुसते दहा आकडे शीक, एका रविवारी होतील. मग ‘फी’, ‘वह्या’, ‘पास’ हे शब्द. एवढ्यावर अर्धी वही तुला स्वतःला वाचता येईल. केंद्र सरकारची सिंधी भाषेसाठीची राष्ट्रीय परिषद शिकण्याचे वर्ग चालवते, राज्याची सिंधी साहित्य अकादमी आहे, कच्छमध्ये आदिपूरला सिंधॉलॉजीची, म्हणजे सिंधी भाषा-संस्कृतीच्या अभ्यासाची, संस्था आहे. पण या सगळ्यांआधी तुझ्याच गल्लीत बघ. कोपरी कॉलनीत आणि उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत ही लिपी हाताला असलेली माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्या मुलांपैकी बरेच सिंधी बोलतात, पण लिहायची वेळ आली की देवनागरी नाहीतर रोमन अक्षरं वापरतात. त्यामुळे घाई कर. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. माझ्या बाई भिंगाशिवाय वाचू शकत नाहीत आणि दहा ओळींनंतर त्यांचे डोळे पाणावतात, हे मी पाहून आले म्हणून सांगते.

वहीला प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नकोस. कुणीतरी नक्की सुचवेल. त्यानं कागद कायमचा अडकतो आणि आतून खराब होतो. झेरॉक्सही परत परत नको, शिवण सुटेल. दिवसाउजेडी खिडकीपाशी मोबाइलनं प्रत्येक पानाचा फोटो काढ, दोन ठिकाणी साठव आणि वही सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेव. पापडाच्या डब्याखालची जागा काही वाईट नव्हती. पन्नास वर्षं टिकली आहे ती.

आता मामा.

तुझ्या पत्रात मामांचं ते सहलीचं वाक्य तू रागानं लिहिलंस असं मला वाटलं. मी ते तीनदा वाचलं. मामांचा जन्म १९५७-५८ च्या आसपासचा असावा. म्हणजे १९७२ ला ते चौदा-पंधरा वर्षांचे होते. इस्त्रीवाल्याच्या मुलीची ८ रुपयांची टर्म फी ज्या घरातून गेली, त्याच घरात त्या वर्षी त्यांना ‘सहलीला नाही जायचं, पुट (मुला)’ असं सांगितलं गेलं असेल. नानीनं दिलं ते नानीचं होतं, पण कमी पडलं ते घरातल्या सगळ्यांना. देणाऱ्या माणसाच्या घरात मुलंही देत असतात, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं. साठी ओलांडलेल्या माणसाला त्याबद्दल तक्रार करता येत नाही, कारण आई चांगलंच करत होती. मग तो काय मागतो? संगमरवराची पाटी. आमच्या घरातून हे गेलं होतं, हे कुणाला तरी दिसू दे, असं ते मागत आहेत. मला त्यात बडेजाव दिसत नाही.

म्हणून आईशी भांडण्याआधी आणि पाटीवर निर्णय घेण्याआधी एक कर. मामांना बोलाव आणि १९७२ चं पान त्यांच्यासमोर ठेव. मी उतरवलेलं मराठी त्यांना वाचून दाखवू नकोस. वरच्या पिढीतले आहेत, त्यांना सिंधी अक्षरं येत असतील, निदान थोडी. त्यांना वाचू दे. ‘पास’ हा शब्द त्यांना स्वतःला सापडू दे. मग त्यांना सहलीबद्दल विचार. कुठं जाणार होती, किती पैसे होते, कोण कोण गेलं. ऐकून घे. आजवर त्यांना ते कुणी विचारलेलं नाही, अशी माझी खात्री आहे.

आईचंही बरोबर आहे. या हाताचं त्या हाताला कळू नये, असं म्हणतात ते तिनं घरात रोज पाहिलं. पण आई शिक्षिका आहे, तिला मी दुसऱ्या बाजूनं एक गोष्ट सांगते. तुझी नानी ज्या हैदराबादहून आली, तिथं १९२२ पासून नॅशनल कॉलेज होतं. फाळणीनंतर तिथले प्राचार्य कुंदनानी मुंबईत आले आणि बॅरिस्टर होतचंद अडवानी यांच्याबरोबर त्यांनी १९४९ मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज पुन्हा उभं केलं. कॉलेज चालवणाऱ्या मंडळाच्या नावात त्यांनी हैदराबाद (सिंध) ठेवलं. पुढं त्याच मंडळानं १९६५ मध्ये उल्हासनगरला चांदीबाई कॉलेज काढलं. त्याच १९४९ च्या ऑगस्टमध्ये, ८ तारखेला, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी उल्हासनगरची कोनशिला बसवली. लष्कराच्या रिकाम्या बॅरॅकमध्ये तोवर सुमारे एक लाख माणसं राहत होती. विचार कर, डोक्यावर पत्रा, मध्ये गोणपाट, घरी काय शिजेल याची शाश्वती नाही, आणि त्याच वर्षी ही माणसं कॉलेज काढत होती. त्या सगळ्यांनी नावं लिहिली. गमावलेल्या गावाचं, देणगी देणाऱ्याच्या आईचं, बायकोचं. नाव लिहिलं म्हणजे मोठेपणा मिरवला असं प्रत्येक वेळी नसतं. कधी ते गाव कुठं तरी टिकावं म्हणून लिहिलेलं असतं.

तरीही वर्गखोलीवरची पाटी मला नको वाटते, आणि त्याचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. खोली रंगवताना पाटी निघते, इमारत पाडली की ढिगाऱ्यात जाते. आणि बक्षीस ठेवावं म्हणशील तर माझ्या शाळेतलं सांगते. १९७९ मध्ये एका निवृत्त शिक्षकांच्या घरच्यांनी १,००० रुपये ठेव म्हणून दिले होते. दहा टक्के व्याज, म्हणजे वर्षाला १००. गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीची तेव्हा त्यात वर्षभराची पुस्तकं येत. मी निवृत्त झाले त्या वर्षी त्याच बक्षिसाचे ८० रुपये पाकिटात घालून दिले गेले. मुलीनं पाकीट घेतलं, नमस्कार केला. ते शिक्षक कोण होते, हे तिला ठाऊक नव्हतं, व्यासपीठावरच्या निम्म्या लोकांनाही नव्हतं. मूळ पत्र शोधलं तर कार्यालयात सापडलं नाही. मी स्वतः त्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी केलेली, मला त्या दिवशी फार लागलं.

स्वतःचा न्यास नोंदवायचा विचार असेल तर पाच लाखांसाठी नको. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दर वर्षी हिशेब तपासणी, विश्वस्त बदलला की अर्ज, आयकराची वेगळी नोंदणी. नानीची रक्कम कागदांवरच खर्च होईल. देणगीवरची आयकराची सवलत हवी म्हणून मामा घाई करत असतील तर त्यांना आठवण दे, नवी कररचना निवडली असेल तर ती वजावट मिळत नाही.

मला काय करावंसं वाटतं ते सांगते, पटलं तर घ्या.

पाचापैकी चार लाख मुदत ठेवीत ठेवा, आई आणि मामा यांच्या जोडनावानं, तिसरं नाव तुझं. दोघंही साठीच्या पुढचे, म्हणजे ज्येष्ठांचं थोडं जास्त व्याज मिळेल. साडेसहा टक्के धरले तरी वर्षाला २६,००० होतात. त्यातले सहा हजार दर वर्षी परत ठेवीत घाला, नाहीतर वीस वर्षांनी आमच्या शाळेतल्या त्या पाकिटासारखं होईल. उरलेले वीस हजार खर्च करा. वहीत लिहून. कोणाला द्यायचे ते तिघांनी मिळून ठरवा. वर्षातून दोनदा त्यासाठी मामांना आणि आईला एका टेबलाशी बसावं लागेल, आणि मला वाटतं या सगळ्यातला खरा लाभ तोच असेल.

कुठं द्यायचे, हेही नानीचं शेवटचं पान सांगतं. पहिल्या पानावर पाचवी-सातवीची मुलं आहेत. शेवटच्या पानावर सगळी नववीची किंवा त्यापुढची. तिला काळ बरोबर कळत होता. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंतचा, आठवीपर्यंतचा. पाठ्यपुस्तकंही सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच फुकट. नववीला घर एकदम उघडं पडतं. पुढं २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या बऱ्याच मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकारनं माफ केली आहे, हे फार चांगलं झालं. पण तिथवर पोचायचं तर मधली चार वर्षं निघाली पाहिजेत, आणि ती अडतात ती बसच्या पासावर, प्रवेश परीक्षेच्या अर्जावर, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बुडालेल्या दोन दिवसांच्या मजुरीवर. एवढ्याशा रकमेसाठी कुठली मोठी संस्था अर्ज मागवत नाही. तिथं शेजारची पापडवाली आजीच लागते.

राहिला एक लाख. त्यात मामांची पाटी करा, पण भिंतीवर नको. जिथं गरज आहे अशा एका शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात नववी ते बारावीच्या पुस्तकांचे संच घेऊन द्या, वर्षभर वापरून मुलांनी परत करायचे. पुस्तक पेढी म्हणतात त्याला, पूर्वी बहुतेक शाळांत होती. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर नानीच्या नावाचा शिक्का मारा. वर सिंधीत, खाली देवनागरीत. तो मजकूर मामांनी लिहावा, अक्षरं तू काढावीस. अभ्यासक्रम बदलला की संच बदलावे लागतील, तेव्हा थोडे पैसे बाजूला राहू देत. देताना पत्रात सगळ्या अटी लिहा, पोच घ्या, आणि त्या पत्राची एक प्रत नानीच्या वहीत ठेवा. पाटीखालून मुलं मान वर न करता जातात. पुस्तकाचं पहिलं पान त्यांना उघडावंच लागतं.

आता तुझी सगळ्यात मोठी इच्छा, माणसं शोधायची.

नको शोधू.

मला माहीत आहे, हे तुला आवडणार नाही. ती माणसं बोलली असती तर तुला तिची कितीतरी नवी रूपं कळली असती, तो मोह मला समजतो. पण नानीनं पन्नास वर्षं एकही नाव लिहिलं नाही, तेही स्वतःच्या वहीत, घरातल्या पुढच्या पिढीला सहज वाचता येणार नव्हतं अशा लिपीत. तिनं त्यांना दोन कड्यांआड ठेवलं होतं. इस्त्रीवाल्याची मधली आता साठीची असेल. तिच्या सुनेला, नातवंडांना ती कोण होती हे तिनं सांगितलं असेल किंवा नसेल. तिला हॉलमध्ये बोलावून माइक हातात दिलास तर ती कृतज्ञतेनं बोलेलही, पण घरी जाताना तिच्याकडे लोक वेगळ्या नजरेनं पाहतील. नानीला ते चाललं नसतं.

बाराव्याला आलेला तो माणूस बघ. तो ओळख न सांगता गेला. ‘आजींनी मला ओळखलं असतं’ या वाक्यात त्याला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. तू नाव विचारलं नाहीस याची खंत करू नकोस. वर्सीची वेळ आणि जागा मात्र चारचौघांना कळेल अशी ठेव, कॉलनीच्या फलकावर साधं निवेदन लाव. दार उघडं ठेव. कुणी आलं तर आधी पाट, पाणी, मग कढी-भात. बोललं तर ऐक. न बोलता जेवून गेलं तरी ते तिच्यासाठीच आलं होतं.

वर्सीला तू बोलशील तेव्हा माणसांबद्दल बोलू नकोस, वहीबद्दल बोल. पहिल्या पानावरची ती ओळ वाच, ‘पुलाखालच्या नव्या लोकांचा, पाचवी, दप्तर, ५.’ १९७२ हे दुष्काळाचं साल. गावाकडून माणसं बोचकी घेऊन मुंबई-ठाण्याकडे येत होती. कॉलनीतले लोक त्यांना काय काय म्हणत असतील, याची मला कल्पना आहे, कारण आमच्या गल्लीतही तेच म्हणत होते. नानीनं त्यांना ‘नवे लोक’ म्हटलं. चोवीस वर्षांपूर्वी ती स्वतः नवी होती. कल्याण स्टेशनात उतरताना तिच्या घरच्यांकडे पाहून कोण काय म्हणालं असेल, ते तिच्या लक्षात असणार. तिला निर्वासित म्हणत, तशी कितीतरी नावं. वहीत तिनं त्या मुलासाठी निवडलेला शब्द तू सिंधीतच उच्चारून दाखव. बाईंकडून मी तो ऐकला आहे, मला लिहिता येणार नाही. तू त्यांच्याकडे जा, त्या तुला शिकवतील. त्यांना मी विचारून ठेवलं आहे. ठाण्याहून कर्जत लाइनची लोकल पकडलीस की पाऊण तासात पोचशील. जाताना गोड काही नेऊ नकोस, त्यांना साखर आहे.

एक शेवटचं राहिलं. तू पाठवलेलं दुसरं पान. ते वहीतलं शेवटचं आहे, अक्षर थरथरलेलं, ओळी वर चढलेल्या. त्यावरच्या तीन ओळींना रेघ नाही, ‘वेई’ पण नाही. बाईंनी वाचलं ते असं: ‘लिफ्टवाल्याचा भाऊ, आयटीआय, बूट.’ ‘भाजीवालीची नात, नववी, चश्मो.’ चश्मो म्हणजे चष्मा. आणि ‘खालच्या वॉचमनची, अकरावी, क्लास, अर्धे दिले.’

हे तिनं गेल्या हिवाळ्यात लिहिलं असणार. म्हणजे भाजीवालीची नात आता दहावीला आहे आणि वॉचमनची मुलगी बारावीला. फेब्रुवारीत दोघींच्या परीक्षा. क्लासचे उरलेले अर्धे कुणी भरले, चष्मा आला की नाही, मला ठाऊक नाही. ठेवीची कागदपत्रं, पुस्तकं, पाटी हे सगळं वर्सीनंतर झालं तरी चालेल. तू आज संध्याकाळी खाली जा.

‘पास’ हा शब्द सिंधीत कसा लिहायचा ते बाईंनी मला एका कागदावर मोठ्या अक्षरात काढून दिलं आहे. उजवीकडून सुरुवात करायची. कागद सोबत पाठवते आहे.

तुझी,
ताई